सूर्य जवळ, तरी वेण्णेकाठी हिमकण

जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. त्याच सुमारास महाबळेश्वरला कडाक्याची थंडी पडली, की वेण्णा तलावाकाठी पहाटेचं दव गोठतं. जुलैत हे अंतर आणखी ५० लाख किलोमीटरने वाढलेलं असतं. सूर्य जवळ आला की उन्हाळा, हा समज सोडून द्यायला एवढं पुरे. शिवाय आपण स्वेटर घालतो तेव्हा ऑस्ट्रेलियात ऐन उन्हाळा असतो. पृथ्वी तर एकच.

ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साधारण साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. वर्षभर तो ध्रुवताऱ्याकडेच रोखलेला राहतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो, डिसेंबरमध्ये दक्षिण. २१ डिसेंबरच्या आसपास साताऱ्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर असतो. तिरपं ऊन जास्त जमिनीवर पसरतं, म्हणून प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला माथ्यावरच्या उन्हाच्या पाऊणपटच येतं. त्यात दिवसही जूनपेक्षा दोन तासांनी लहान.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सातारकरांच्या बरोबर डोक्यावर येतो आणि मध्यान्हीला उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. पुढे जवळजवळ तीन महिने दुपारची सावली दक्षिणेला पडते. एकदा खांबाशी उभं राहून बघाच. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य पुन्हा माथ्यावर येतो.

मग ऑगस्टमध्ये मेसारखं का तापत नाही? हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण पाठ्यपुस्तकातल्या चार ऋतूंमध्ये त्याचं उत्तर सापडत नाही. उन्हाळ्यात उपखंडाची जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावर हवेचा दाब उतरतो आणि समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे आत खेचले जातात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते वळून नैर्ऋत्येकडून येतात. म्हणजे ज्या कलण्याने मे तापवला, त्यानेच आभाळही भरून आणलं. ढगांनी ऊन अडवलं, पावसाने जमीन निवली.

हे वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाट उतरले की त्यांच्यात फारसं बाष्प उरत नाही. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याला ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसावर वर्ष काढावं लागतं, आणि पलीकडे सांगलीच्या आटपाडी-जतचीही तीच गत आहे.