सूची कुठून आली आणि 'सोलापुरात' कुठे गेलं

पुस्तकाच्या पुढे असते ती अनुक्रमणिका आणि मागे असते ती सूची, म्हणजे कुठलं नाव, कुठला विषय कुठल्या पानावर आलाय ते. बऱ्याच जणांना दोन्ही एकच वाटतं, आणि नुसतं इंडेक्स म्हटलं की शेअर बाजार आठवतो.

ओळखीतल्या एका सरांनी सोलापूरच्या गिरण्या आणि १९३० च्या मार्शल लॉवर पुस्तक लिहिलं. म्हणाले, सूची तू कर रे, कॉम्प्युटरवर दोन तासांचं काम. तीन आठवडे गेले! 'सोलापूर' सर्च मारलं तर 'सोलापूरचा' सापडतो पण 'सोलापुरात' सापडत नाही, कारण दीर्घ पू चा ऱ्हस्व पु होतो आणि मशीनला तो वेगळाच शब्द वाटतो, त्यात जुन्या उताऱ्यांत 'शोलापूर' आहेच. मग सॉर्टिंग. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, ळ बसलाय ल च्या शेजारी आणि आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर, त्यामुळे काळे जाऊन बसले काशीदांच्या आधी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'ते चौघे'. एका अख्ख्या पानावर नुसतं तेवढंच लिहिलंय, पण ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांचं पान आहे, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले ते, म्हणजे चारही नावांपुढे तो आकडा पडायला हवा. हे सर्च कसं सांगणार?

तर मागे जाऊन बघितलं. आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचे सुरुवातीचे शब्द, ऋचा किती, ऋषी कोण, देवता कुठली, छंद कुठला असं सगळं लावून ठेवलंय, आणि महाभारताच्या आदिपर्वाची सुरुवातच अनुक्रमणिका पर्वाने होते. पण हे सगळं पाठ करणाऱ्यांच्या सोयीचं, तिथे पान कुठलं आलंय.

वर्णानुक्रमाने लावलेलं काम युरोपात तेराव्या शतकात जोर धरतं. पॅरिसच्या डॉमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली बायबलमधल्या शब्दांची सूची झाली. हाताने उतरवलेल्या प्रत्येक प्रतीत मजकूर वेगळ्या पानावर येणार, म्हणून पान नंबर देऊन उपयोग नव्हता, तर त्यांनी प्रत्येक अध्यायाचे ए ते जी असे सात भाग कल्पले आणि जागा त्यावरून सांगितली. मला तर हे डोकं भारीच वाटलं. छपाई आल्यावर सगळ्या प्रती सारख्या झाल्या, १४७० मध्ये कलोनच्या एका छापखान्याने पानांवर आकडे छापले, आणि मग आजची सूची शक्य झाली.

धंदा म्हणून ओळख मिळायला मात्र विसावं शतक उजाडलं. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये जी. नॉर्मन नाइट यांनी सूचीकारांची सोसायटी काढली, १९६८ मध्ये अमेरिकेत निघाली. तेव्हा काम चिठ्ठ्यांवर चालायचं, एका नोंदीला एक चिठ्ठी आणि चपलांच्या खोक्यात लावून ठेवायच्या.

मराठीत सूची म्हटलं की शंकर गणेश दाते. त्यांच्या मराठी ग्रंथसूचीचा पहिला खंड १९४४ चा. पण ती पुस्तकांची यादी, पुस्तकाच्या आतली सूची नाही. आतलीचं काम आपल्याकडे बहुतेक वेळा लेखकच करतो, नाहीतर त्याचा विद्यार्थी, आणि पैसे म्हणाल तर चहा.

गंमत म्हणजे संस्कृतात सूची म्हणजे सुईसुद्धा, आणि लॅटिनमध्ये इंडेक्स म्हणजे दाखवणारं बोट. मी आपला सुई घेऊन बसलो, धनशेट्टींपुढे सगळी पानं लावली, 'शोलापूर, पाहा सोलापूर' टाकलं, चीनला गेलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांपुढे 'के दीहुआ' हे त्यांचं चिनी नावही जोडलं, फाइल पाठवली. शेवटचं प्रूफ आलं तर प्रकाशकाने ९६ व्या पानानंतर फोटोंची आठ पानं घातलेली, नंबरासकट. ९७ पासून पुढचा प्रत्येक आकडा आठने सरकला. बसलो परत.