पाणी लहान होत नाही

आषाढ सरत आला की बेळगावात कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात आणि रंग पांढरा पडतो. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. तिसरी मला यंदा कळली, शहापुरातल्या आमच्या घराच्या माळ्यावर. मी आणि माझी नववीतली पुतणी मिळून ‘सुपरमरीन एस-६बी’ या पाण्यावरून उडणाऱ्या विमानाचं छोटं मॉडेल जोडत होतो. गडद निळा रंग मारला, छान चकाकला, म्हणून चहाला खाली उतरलो. परत वर येऊन बघतो तर निळ्यावर साय धरल्यासारखा पांढुरका थर.

“काका, ह्याला बुरशी आली की काय?”

बुरशी नव्हती, दव होतं. आम्ही वापरलेला रंग लॅकर जातीचा, म्हणजे त्यातला थिनर उडून गेला की रंग वाळला. पण कुठलाही द्रव उडून जाताना उष्णता सोबत घेऊन जातो. इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिट लावतात तेव्हा गार लागतं ते त्यामुळेच. रंगाचा ओला थरही तसाच गार पडतो. आता हिशेब बघा. हवा २४ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, येतो सुमारे २२.३ अंशांवर. रंग जेमतेम दोन अंशांनी गार झाला की हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. ते बारीक थेंब ओल्या रंगात अडकतात आणि वाळल्यावर मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवून जातात. पोकळ्यांवर आपटून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि निळा पांढरा दिसू लागतो. ढग पांढरा दिसतो, दूध पांढरं दिसतं, त्याचंही कारण असं विखुरणंच. हाच रंग एप्रिलात, ३६ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रतेत मारला असता तर दवबिंदू १५.७ अंशांवर असता. वीस अंशांनी गार होणं काही त्याला जमलं नसतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला गणपती करणाऱ्या मामांची मूर्तिशाळा आहे. पावसाचे दिवस हाच त्यांचा रंगकामाचा हंगाम, त्यामुळे ही अडचण त्यांच्या रोजच्या ओळखीची. विमानाचा तुकडा हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “आधी खोली तापवायची, मग मूर्ती तापवायची, मग पिचकारी उचलायची. आणि थिनर सावकाश उडणारा घ्या की, घाई कशाला?” या दोन वाक्यांत सगळं विज्ञान आलं. खोली तापवली की सापेक्ष आर्द्रता उतरते, वस्तू तापवली की ती दवबिंदूच्या बरीच वर राहते, आणि थिनर सावकाश उडाला की पृष्ठभाग तितका गार पडत नाही. आम्ही खोक्यात साठचा जुना बल्ब लावला, तुकडा त्यात अर्धा तास ठेवला आणि सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा त्याच सायीवर मारला. लॅकर पुन्हा विरघळतो, हा त्याचा मोठा गुण. पोकळ्या बुजल्या आणि निळा पुन्हा निळा झाला.

मॉडेल बनवण्यातली खरी गंमत मला इथे सापडली. आपण विमान लहान करतो, पण दव लहान होत नाही, रंगाचा कण लहान होत नाही, प्रकाश लहान होत नाही. आमचं किट १/७२ प्रमाणाचं. हा आकडा इंचांतून आला आहे: सहा फुटांना एक इंच. मूळ एस-६बीच्या पंखांचा विस्तार ९.१४ मीटर, आमच्या मॉडेलचा १२.७ सेंटिमीटर. ब्रशने दोन हात मारले तर रंगाचा थर सहज ५० मायक्रॉन होतो. त्याला बहात्तरने गुणा, खऱ्या विमानावर ३.६ मिलिमीटर जाडीचा लेप झाला! पत्र्यांमधल्या बारीक सांध्यांच्या रेषा त्याखाली गडप होतात. म्हणून रंग पातळ करून अनेक झिरझिरीत हात मारायचे, त्याला दुसरा उपाय नाही. या विमानाचे पंख आणि फ्लोट (म्हणजे चाकांच्या जागी असलेल्या दोन लांब होड्या) तारांनी ताणलेले असतात. त्या तारांसाठी पुतणीने स्वतःचा केस लावून पाहिला. केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या मापात पाच मिलिमीटर. चाललं असतं, पण केस सरळ राहीना. मग सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात, तिचाच एक दांडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरला. हे पॉलिस्टायरिन जातीचं प्लॅस्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. मऊ पडताच दोन्ही टोकं एका दमात ओढायची, की शेवयांसारखा तलम धागा निघतो आणि गार होताच ताठ राहतो. पहिले चार तुटले, पाचवा जमला.

जे लहान होत नाही ते दर वेळी आडवंच येतं असं नाही. पातळ डिंकाचं उदाहरण घ्या. (हा साधा डिंक नव्हे, हे द्रावक असतं. ते दोन्ही कडांचं प्लॅस्टिक विरघळवतं, दोन्हीकडचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात, द्रावक उडून जातं आणि उरतो एकसंध तुकडा. उद्यमबागेत, इथल्या औद्योगिक वसाहतीत, काम केलेल्याला सांगायचं तर हे चिकटवणं नव्हे, वेल्डिंग आहे. खिडकी मात्र उघडी ठेवा, वाफ नाकात जाता कामा नये.) दोन अर्धे भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. द्रव फटीतून आपला आपण धावत जातो. दिव्याच्या वातीत तेल चढतं तीच ही केशाकर्षणाची ओढ. फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. खऱ्या विमानाच्या मापात हीच फट बहात्तर पट रुंद, तिथे हे कधी जमलं नसतं.

आता मुख्य घोळाकडे येतो. किटमध्ये प्रत्येक फ्लोट डाव्या-उजव्या दोन अर्ध्या भागांत येतो, त्यामुळे जोडल्यावर तळाच्या मधोमध सांध्याची कड राहते. मी पुतणीला पॉलिश पेपर दिला आणि दूध आणायला गेलो. आलो तोवर तळ आरशासारखा गुळगुळीत, आणि तळाच्या मध्यावर असलेली पायरीसुद्धा घासून गोल झालेली! तिला वाटलं साच्याचा दोष आहे, म्हणून तिने मन लावून तो काढून टाकला. चूक माझी, मी आधी सांगायला हवं होतं. कारण ती एवढीशी पायरी नसेल तर हे विमान पाण्यावरून उठणंच कठीण.

का, ते स्वयंपाकघरात दिसतं. नळाची बारीक धार सोडा. चमचा देठाच्या टोकाला दोन बोटांत सैल धरा आणि त्याची फुगीर पाठ धारेला हळूच लावा. धार चमच्याला ढकलेल असं वाटतं, पण होतं उलट: चमचा धारेत ओढला जातो. पाणी वळणदार पृष्ठभागाला चिकटून त्याच्याबरोबर वळतं, आणि ज्या पृष्ठभागाने त्याला वळवलं त्यालाच आपल्याकडे खेचतं. पुतणीने हे दहा वेळा केलं, आईने नळ बंद करेपर्यंत.

फ्लोटचा तळ मागे वर वळलेला असावाच लागतो, नाहीतर उडताना विमानाला नाक उचलता येणार नाही. पण तळ वर वळला की तो चमच्याची पाठ झाला. विमान जितकं वेगाने धावेल तितकं पाणी त्याची शेपूट खाली ओढणार. पायरी या ओढीला तोडते. धारदार कडेशी आल्यावर पाण्याला वळता येत नाही, ते सरळ पुढे निघून जातं, मागे हवा शिरते आणि विमान पायरीपुढच्या छोट्याशा पट्ट्यावर तरंगत घसरू लागतं. म्हणून कड धारदार हवी. गोल कड म्हणजे पाण्याला ‘ये, चिकट’ असं आमंत्रण. अगदी स्तब्ध, आरशासारख्या पाण्यावरून उठणंही अवघड जातं, कारण तळाखाली हवा शिरायला लाटांची मदत मिळत नाही. अशा पाण्यावर उतरणं तर त्याहून धोक्याचं, वैमानिकाला पाणी नेमकं किती खाली आहे तेच कळत नाही. आम्ही प्लॅस्टिकची बारीक पट्टी चिकटवून, कानशीने घासून पायरी पुन्हा उभी केली. तिला दोन संध्याकाळी लागल्या.

पाण्यावरून उडणारं इंजिनावर चालणारं पहिलं विमान फ्रान्सच्या आँरी फाब्र यांनी २८ मार्च १९१० रोजी उडवलं. एकवीस वर्षांनी, २९ सप्टेंबर १९३१ रोजी, आर. जे. मिचेल यांच्या रेखाटनातून उतरलेलं एस-६बी ताशी ६५५ किलोमीटरच्या वर गेलं. त्या दिवशी जगातलं सर्वांत वेगवान विमान हे होड्यांवर बसलेलं विमान होतं, आणि त्याला कारण होतं. छोटे पंख आणि वेगाला जुळवलेला पंखा (प्रोपेलर) घेतला की उड्डाणाआधी फार लांब धावावं लागतं. एवढ्या लांब धावपट्ट्या तेव्हा सहसा नव्हत्या, समुद्र मात्र होता. या विमानात वाया गेलेली जागा नाही. पंखांच्या पत्र्याखालून इंजिनाचं गरम पाणी फिरून गार होई. इंधन फ्लोटमध्ये असे, आणि उजव्या फ्लोटमध्ये जास्त, कारण पंखा फिरताना विमानाला उलट पीळ बसून डावा फ्लोट पाण्यात दाबला जाई. मूळ विमान आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडेही अशी विमानं येऊन गेली आहेत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून निघालेल्या टपालाच्या उडत्या होड्या (ज्यांचं धडच होडीसारखं असतं अशी विमानं) कराचीनंतर राजस्थानातल्या राजसमंद तलावावर उतरत आणि पुढे ग्वाल्हेर, अलाहाबाद करत कलकत्त्याला जात.

मॉडेलला जुनाट दाखवायचं म्हणून बरेच जण तपकिरी गंजाचे ओघळ काढतात. आम्ही काढले नाहीत. गंज लोखंडाचा. ॲल्युमिनियमवर चढतो तो पांढुरका भुकटीसारखा थर. बेळगावकरांना हा धातू परका नाही, बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढणारा कारखाना आपल्याच शहरात आहे. समुद्राचं खारं पाणी विमानांच्या ॲल्युमिनियम-मिश्रधातूला, ड्युरालुमिनला, खाऊन टाकी, म्हणून १९२३ मध्ये त्यावर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा घट्ट थर चढवण्याची रीत निघाली, आणि ती मोठ्या प्रमाणावर आधी वापरली गेली समुद्री विमानांच्याच भागांवर. आज खिडकीच्या चौकटीला ‘ॲनोडाइझ्ड आहे’ म्हणतो ना, तिचं मूळ तिथलं.

शेवटी परातीत पाणी घेतलं. पुतणीचा हट्ट होता की विमान तरंगलंच पाहिजे. सोडलं, आणि फ्लोट पाण्याखाली गेले, पंख टेकले, तेव्हा कुठे थांबलं. ती हिरमुसली. मग वही काढून हिशेब केला. लांबी बहात्तर पटींनी घटते, पण आकारमान ७२ × ७२ × ७२, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी. खऱ्या विमानाचं भरलेलं वजन सुमारे २,७६० किलो. त्याला या आकड्याने भागलं तर येतात अवघे ७.४ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर आमचं मॉडेल भरलं २१ ग्रॅम. आजच्या नियमांप्रमाणे दोन्ही फ्लोट मिळून विमानाच्या वजनापेक्षा ८० टक्के अधिक भार पेलणारे लागतात. त्या हिशेबाने आमचे फ्लोट फार तर १३ ग्रॅम तोलतील. २१ कुठून तोलणार?

आणि परातीतलं पाणी तिने जवळून पाहिलं तेव्हा तेही विचित्र वाटलं. फ्लोटच्या कडेला पाणी दोन-तीन मिलिमीटर वर चढलेलं, खऱ्या मापात वीतभर. पंखावर उडालेला तीन मिलिमीटरचा थेंब त्या मापात फुटबॉलएवढा. पृष्ठताण पाण्याचा आपला असतो, त्याला आपलं प्रमाण कळत नाही. लाटा मात्र हिशेबात बसवता येतात. विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात जहाजांची मॉडेलं टाकीत ओढून दाखवलं की वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी केला तर लाटा मूळच्यासारख्याच उठतात. ७२ चं वर्गमूळ साडेआठच्या आसपास. म्हणजे खरं विमान ताशी १०० किलोमीटरने पाणी कापताना ज्या लाटा उठवेल, त्या आमचं मॉडेल ताशी बारा किलोमीटरला, सायकलच्या रमतगमत चालीला उठवेल.

हे ऐकल्यापासून तिने दुसरं विमान हाती घेतलंय, कार्डशीट आणि थर्माकोलचं. अट एकच, ७.४ ग्रॅमच्या वर जायचं नाही. पाऊस उघडला की राकसकोपच्या वाटेवरच्या एखाद्या डबक्यावर दोऱ्याने ओढून बघायचं ठरलंय. काल रात्री काट्यावर ठेवलं तेव्हा ६.५ ग्रॅम भरलं. पायरी धारदार आहे. रंग अजून बाकी आहे.