बिडी वळणारीचे पोट आणि जुनी उपासमार

सुटलेले पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण आणि शुगर म्हणजे बसून खाणाऱ्यांचा आजार, ही समजूत बेळगाव भागात अजून पक्की आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. १९८९ मध्ये सोबाल आणि स्टंकार्ड या अमेरिकी संशोधकांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा विकसनशील देशांत सुबत्तेबरोबर लठ्ठपणा वाढताना दिसला, तर श्रीमंत देशांतील स्त्रियांत नेमके उलट आढळले. भारतात आजही पैशाबरोबर वजन वाढते. पण आजाराचा हिशेब वजनकाट्यावर पुरा होत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो आढळले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू फारच कमी होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटात अन्न अपुरे पडले की गर्भ मेंदू जपतो आणि काटकसर स्नायूंत करतो. पुढे हेच अंगाशी येते, कारण जेवणानंतर रक्तातील साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक स्नायूच असतात. ते कमी असले की रक्तातील साखर पेशींत पोचवणारे इन्सुलिन स्वादुपिंडाला अधिक सोडावे लागते; जादा ऊर्जा चरबी होऊन साठते, आणि कातडीखाली जागा पुरेनाशी झाली की ती यकृतात व आतड्यांभोवती शिरते. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनला दाद देत नाही आणि उपाशीपोटीही रक्तात साखर सोडत राहते. मेद वितळवण्याची हमी देणारी चूर्णे या साखळीतील कोणती कडी तोडतात, हे त्यांच्या जाहिरातीत कधीच नसते.

निपाणीत बिडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळते. मांडीवर सूप घेऊन ती दिवसभर बसते, उठली की मजुरी बुडते, आणि चहा-टोस्टवर वेळ निभावते. बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला जाणाऱ्या पगारदाराला मिळणारी मोकळीक तिला नाही. अशा बैठ्या गरिबीत जन्मापासूनचे तुटपुंजे स्नायू आणखी झिजतात आणि हातपाय काटकुळे राहूनही पोट सुटते.

म्हणूनच भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर धरतात. वजन बेताचे असूनही ती ओलांडलेली असू शकते.