महासाथीतील अत्यावश्यक आरोग्यसेवा : सातारा-सांगली

महासाथ सुरू असताना, तिच्याशी थेट संबंध नसलेले पण थांबवले तर जीव जाईल किंवा कायमचे अपंगत्व येईल असे उपचार आणि प्रतिबंधक कामे चालू ठेवणे, याला आरोग्यप्रशासनात अत्यावश्यक आरोग्यसेवांचे सातत्य म्हणतात. बाळंतपण, लहान मुलांचे लसीकरण, क्षयरोग व एचआयव्हीची औषधे, डायलिसिस, रक्तपेढी, सर्पदंश, अपघात, मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या ही त्यातली ठळक कामे. (बोलताना आपण सरसकट ‘महामारी’ म्हणतो. एका मुलखापुरती असते ती साथ आणि देशोदेशी पसरते ती महासाथ, हा भेद लिहिताना पाळलेला बरा.)

या विचाराला धार आली ती पश्चिम आफ्रिकेत. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाने ११,००० हून अधिक माणसे दगावली. परिचारिका आणि डॉक्टर स्वतःच बळी पडले, दवाखाने ओस पडले, आणि जे उघडे होते तिकडे भीतीने कुणी फिरकेना. मलेरिया, क्षय आणि एचआयव्ही यांच्या उपचारात खंड पडून जे जादा मृत्यू झाले, त्यांचे अंदाज इबोलाच्या बळींच्या संख्येजवळ जातात. कोविडच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये १०५ देशांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ९० टक्के देशांनी नेहमीच्या सेवा विस्कळीत झाल्याचे कळवले. झळ जास्त बसली ती कमी उत्पन्नाच्या देशांना. जागतिक बँकेच्या वर्गवारीत भारत या तळच्या गटात नाही, त्याच्या वरच्या म्हणजे कनिष्ठ-मध्यम गटात आहे. पण वर्गवारी देशाची असते. जत तालुक्यातल्या वस्तीवरच्या किंवा कोयनेच्या पलीकडच्या वाडीतल्या बाळंतिणीला देशाच्या सरासरी उत्पन्नाने काही फरक पडत नाही.

कायद्याचे हत्यार आपल्याकडे जुनेच आहे. प्लेग मुंबई इलाख्यात पसरत असताना, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. सातारा जिल्ह्याने पुढची काही वर्षे प्लेग अंगावर काढला, आणि गावेच्या गावे घरे सोडून माळावर झोपड्यांत राहिली. खंडाळा तालुक्यातल्या नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने हाच कायदा पुन्हा लागू केला. तेव्हा हा कायदा जेमतेम चार कलमांचा होता. तपासणी कशी करायची, माणसे वेगळी कुठे ठेवायची, मोडणाऱ्याला शिक्षा काय, हे तो सांगतो. साथ चालू असताना बाकीचा दवाखाना कुणी चालवायचा, याबद्दल त्यात एक ओळ नाही. बंद करण्याचा अधिकार १२३ वर्षांपूर्वीच हातात आला होता. चालू ठेवण्याबद्दलच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीला तीन आठवडे होत आल्यावर.

या सूचनांचा सगळा भार शेवटी पडतो तो उपकेंद्रावर. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३०,००० किंवा २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये, आणि सर्वांत वर साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय किंवा सांगली-मिरजेचे ‘सिव्हिल’, अशी ही उतरंड आहे. कागदावर ती भक्कम दिसते. उपकेंद्रात मात्र प्रत्यक्षात एक नर्सबाई असते, जोडीला असलाच तर एक पुरुष आरोग्यसेवक, आणि गावागावांत साधारण १,००० लोकांमागे एक आशाताई. गरोदर बायांची नोंदवही, लसीकरणाची यादी, क्षयाच्या गोळ्या, पाण्याचे नमुने, सगळे याच दोन-तीन हातांत. महासाथीत बाहेरून आलेल्यांच्या घरी जायचे, हातावर शिक्के मारायचे, संपर्कातली माणसे शोधायची, रोजचा आकडा संध्याकाळी वर कळवायचा, हेही त्यांनाच आले. सेवा बंद करा असे लेखी कुणीच सांगितले नव्हते. बाई दुसरीकडे गेली की मंगळवारचे लसीकरण आपोआप राहते, एवढेच. सातत्याच्या नियोजनातला पहिला प्रश्न म्हणूनच असा ठेवावा लागतो : कुठल्या माणसाला काहीही झाले तरी कोविडच्या कामासाठी हलवायचे नाही? हा प्रश्न खाटा आणि व्हेंटिलेटरच्या हिशेबात बुडून जातो, कारण खाट मोजता येते.

आशाताईंच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, तो बाहेरच्या अभ्यासकांच्या सहसा लक्षात येत नाही. त्यांना पगार नसतो. बाळंतपण दवाखान्यात झाले, मुलाचे डोस पूर्ण झाले, तर त्या कामाचा मोबदला मिळतो. म्हणजे लसीकरणाचे सत्र बुडाले की बाळाचा डोस जातो आणि आशाताईची कमाईही जाते. कोविडच्या कामासाठी केंद्राने महिना १,००० रुपये जादा दिले. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, आणि पुढच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. दोन्ही घटनांत वर्षाचेही अंतर नाही.

सांगली जिल्ह्याची कसोटी फार लवकर लागली. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातून संसर्ग नात्यात पसरला आणि रुग्णांचा आकडा पंचविशीपर्यंत गेला. महाराष्ट्रात तेव्हा एवढा मोठा एकत्र समूह क्वचितच होता. परिसर बंद करून, घरोघर शोध घेऊन तो पसरू दिला नाही, आणि रुग्णांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयात ठेवले. सांगलीची एक सोय इथे समजून घेण्याजोगी आहे. सांगलीचे आणि मिरजेचे अशी दोन मोठी सरकारी रुग्णालये एकाच वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली आहेत आणि त्यांत अंतर जेमतेम १० किलोमीटरचे. एक इमारत साथीला देऊन दुसरी इतरांसाठी राखणे अशा जागीच शक्य होते. जिथे जिल्ह्याला एकच मोठे रुग्णालय आहे, तिथे एकाच फाटकातून तापाचा रुग्ण आणि कळा येणारी बाई आत येते. मग निदान वाटा वेगळ्या कराव्या लागतात : तापाची ओपीडी बाहेर मांडवात, प्रसूतिगृहाचे दार वेगळे, बाधित बाळंतिणीसाठी निराळी खोली.

मिरजेचे दुखणे वेगळे होते. मिशनरी डॉक्टर वान्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे मिशन रुग्णालय सुरू केले तेव्हापासून मिरज ही सीमेच्या दोन्ही बाजूंची वैद्यकीय पेठ आहे. कर्नाटकातल्या अथणी, रायबाग, चिकोडीकडचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला येतात. म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेले की राज्य बदलते, आजार बदलत नाही. जिल्हाबंदी आणि राज्यबंदीत नाक्यावर पास विचारला जातो. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणाऱ्या माणसाला दर खेपेला नवा पास काढायला लावणे म्हणजे उपचार नाकारण्याचाच सभ्य प्रकार. डायलिसिस, केमोथेरपी आणि गरोदरपणाचे कार्ड हाच पास मानला, तर प्रश्न कागदापुरता तरी सुटतो.

कागद असूनही वाहन हवे. एसटी मार्च २०२० मध्ये थांबली. जिल्ह्याअंतर्गत गाड्या मे अखेरीस थोड्या सुरू झाल्या, आंतरजिल्हा वाहतुकीला २० ऑगस्ट उजाडला. गावाकडचा माणूस दवाखान्यात जातो तो वडापने, म्हणजे खासगी प्रवासी जीपने, आणि वडापही बंद. १०८ ची रुग्णवाहिका कोविडच्या रुग्णांत गुंतली की बाळंतपणासाठी १०२ ची गाडी राखून ठेवणे, हीच काय ती वाट उरते. जावळीत बामणोलीच्या, महाबळेश्वर तालुक्यात तापोळ्याच्या अंगाला कोयनेचे पाणी ओलांडायला लाँच लागते. तिथे ‘पाच किलोमीटरवर आरोग्य केंद्र’ हे वाक्य नकाशावरच खरे असते.

दुसरा विसरलेला गट ऊसतोड मजुरांचा. दिवाळीच्या सुमारास बीड-धाराशिवकडून (तेव्हाचे उस्मानाबाद) टोळ्या येतात आणि गाळप संपेपर्यंत कारखान्यांच्या परिसरात कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहतात. टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम सरत आला होता. टोळ्या अडकल्या, आणि १७ एप्रिलला त्यांना परत जायची परवानगी मिळाली. या बायांची गरोदरपणाची नोंद गावी आणि पोट इथे. इथल्या नर्सबाईच्या यादीत बाळ नाही, तिथल्या यादीत ते ‘गैरहजर’. एरवीही ही फट असतेच. महासाथीत तीच दरी होते.

भीतीचे प्रकरण आकड्यांत दिसते ते क्षयरोगात. २०१९ मध्ये देशात २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये १८ लाखांची. सहा लाख माणसे एका वर्षात बरी झाली नव्हती, ती शोधलीच गेली नाहीत. दोन आठवड्यांचा खोकला ही क्षयाची पहिली खूण, आणि त्या वर्षी ‘मला खोकला आहे’ असे चारचौघांत म्हणायची कुणाची छाती नव्हती. म्हटले की घरादाराला कोरंटाईन. शिवाय क्षयाचे निदान करणारी सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रे कोविडच्या तपासणीला जुंपलेली. नंतर खोकणाऱ्याची दोन्ही तपासण्या एकदमच करण्याचे धोरण आले, ते पहिल्या महिन्यापासून असते तर बरे झाले असते. एकेक महिन्याच्या गोळ्या एकदम घरी देणे, एचआयव्हीच्या रुग्णांना दोन-तीन महिन्यांचे औषध देणे, हे उपाय मात्र स्वस्त आणि खरोखर उपयोगी ठरले. रुग्णाने दर वेळी दवाखान्याची पायरी चढली पाहिजे हा आपला हट्ट होता, हेही त्यातून उघड झाले. १५ सप्टेंबर २०२० पासूनच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजताना मधुमेह-रक्तदाबाचीही विचारणा झाली. त्या नोंदींचा पाठपुरावा हा खरा लाभ होता.

काही आजार कुठल्याच नियोजनाची वाट पाहत नाहीत. पेरणीच्या दिवसांत शिराळा-पाटणकडे घोणस, मण्यार, नाग बांधावर असतातच. विषावर उतारा देणारे औषध प्राथमिक केंद्रात आणि ते देणारा डॉक्टर जागेवर असला, तरच माणूस वाचतो. जुलै २०२१ मध्ये तर दुहेरी संकट आले. दुसऱ्या लाटेतून सातारा आणि सांगली अजून सावरले नव्हते, ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यात निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत दोन्ही होते. त्यात २२ जुलैच्या रात्री महाबळेश्वरात एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या आणि कृष्णाकाठची गावे पाण्याखाली गेली. विलगीकरणाला आणि पूरग्रस्तांना शाळा एकच. २०१९ च्या महापुराने एक धडा नदीकाठाला दिलेला होता, तो इथे कामी येण्यासारखा आहे : पाणी चढण्याआधी दिवस भरत आलेल्या बायांची यादी काढायची आणि त्यांना वरच्या गावात हलवायचे. हीच यादी टाळेबंदीच्या आदल्या दिवशीही काढता येते. तिला फक्त वही आणि त्या गावची नर्सबाई लागते.

लसीकरणाची तूट भरून काढण्याचे काम साथ ओसरल्यावर सुरू होते आणि ते अनेक महिने चालते. २०२० मध्ये भारतात एकही डोस न मिळालेल्या बालकांची संख्या आदल्या वर्षीच्या सुमारे १४ लाखांवरून ३० लाखांवर गेली. जानेवारी २०२१ पासून कोविडची लस टोचणारे हातही तेच, नर्सबाईंचेच. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवर उफाळला. प्रतिबंधित क्षेत्रात सत्रे थांबली तरी जन्मतः द्यायच्या लसी चालू ठेवाव्यात असे सूचनांत म्हटले होते, त्याचे कारण वेळापत्रकातच आहे. गोवर-रुबेलाची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत देता येते, बीसीजी वर्षभरात. पोलिओचा जन्मावेळचा थेंब पंधरा दिवसांत द्यावा लागतो, आणि हिपॅटायटिस-बीचा पहिला डोस चोवीस तासांत. घरी बाळंत झालेल्या बाईचे बाळ आठवड्याने उपकेंद्रात आले तर त्याच्या कार्डावरचा तो एक रकाना तसाच राहतो.