तीस हजार फेरे आणि करपलेले लाकूड

लाकडावर कोरीवकाम करायला यंत्र घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला: आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, किती? खोक्यावर ३५,००० छापले असेल तर यंत्र जोरदार आणि ११,००० असेल तर लेचेपेचे, असा समज गिऱ्हाइकापासून दुकानदारापर्यंत सगळीकडे पसरला आहे. हा समज चुकीचा आहे. त्यापायी पैसे जातात, लाकूड करपते आणि कधी बोटांवरही बेतते.

मिनिटाला किती फेरे झाले याच्याशी लाकडाला देणेघेणे नसते. त्याला भेटतो तो पात्याचा दात, त्यामुळे महत्त्व दाताच्या वेगाला. परिघाला फेऱ्यांनी गुणले की तो मिळतो. बर म्हणजे बारीक दांडीवरचे दातेरी डोके. ३ मिलिमीटर व्यासाचा बर मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी फिरला, तरी त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जेमतेम ४.७ मीटर भरतो. चार इंची अँगल ग्राइंडरची १०० मिलिमीटरची चकती ११,००० वर फिरते, तेव्हा तिची कड सेकंदाला ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असते. म्हणून बारीक डोक्याला जास्त फेरे लागतात आणि मोठ्याला कमी पुरतात.

उलटे केले तर काय होते? २५ मिलिमीटरचे डोके ३५,००० वर फिरवले, तर त्याच्या कडेवरच्या एक ग्रॅम धातूला बाहेर खेचणारा जोर सुमारे १७ किलो वजनाइतका होतो. फेरे १५,००० वर आणले की तोच जोर तीन किलोंवर उतरतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ज्या बरावर फेऱ्यांची कमाल मर्यादा लिहिलेली नाही, तो घेऊच नये. दांडीही कोलेटमध्ये, म्हणजे तिला घट्ट पकडणाऱ्या यंत्राच्या तोंडात, पुरेशी आत जाऊ द्यावी. बाहेर राहिलेली लांबी दुप्पट झाली, तर तेवढ्याच जोराने दांडी आठपट वाकते.

आता करपण्याकडे येऊ. सगळी गंमत इथेच आहे. वीस दातांचा बर ३०,००० वर फिरतो, म्हणजे सेकंदाला १०,००० दात लाकडाला भेटतात. हात सेकंदाला २० मिलिमीटर सरकला, तर प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.००२ मिलिमीटर लाकूड येते. वापरलेल्या दाताच्या धारेची गोलाईच त्याहून मोठी असते. अशा धारेला लाकडात शिरताच येत नाही. ती कापत नाही, नुसती घासत राहते. घासण्याने उष्णता तयार होते, पण लाकूड पोलादापेक्षा शंभराहून अधिक पटीने कमी उष्णता वाहून नेते, त्यामुळे ती पृष्ठभागावरच साठते. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकूड तपकिरी पडून धुरू लागते. राळ वितळून दातांच्या फटीत बसते, भुशाला निघायला वाट उरत नाही आणि घासणे आणखी वाढते. अशा वेळी जोर लावून दाबणे हा सर्वांत वाईट उपाय.

खरा उपाय उलट्या दिशेचा आहे. सहा दातांचा, खोल फटींचा बर घ्या आणि फेरे १५,००० वर आणा. हात त्याच वेगाने सरकला तरी आता प्रत्येक दात ०.०१३ मिलिमीटर लाकूड काढतो, म्हणजे आधीच्या साडेसहापट. धातूकामासाठीचे आडव्याउभ्या खाचांचे कार्बाइडचे, म्हणजे पोलादाहून कठीण पदार्थाचे, बर लाकडात भुशाने लगेच भरतात. लाकडासाठी सुट्या, टोकदार, काट्यांसारख्या दातांचे कार्बाइड बर मिळतात, ते घ्यावेत. सागवानात निसर्गतःच सिलिका, म्हणजे वाळूतला कठीण पदार्थ, असते आणि ती साध्या पोलादाची धार झपाट्याने बोथट करते, म्हणून सागासाठी कार्बाइडच हवे. शिवणीसारख्या मऊ लाकडात पोलादी बरही बराच काळ टिकतो.

फेरे कमी करण्यात एक मेख आहे. हातातल्या छोट्या रोटरी यंत्राची मोटर आणि तिला थंड ठेवणारा पंखा एकाच दांडीवर असतात. फेरे उतरवून भार टाकला की मोटर तापते आणि पंखा मंद पडतो. शिवाय १३० वॅटच्या यंत्राने सगळी वीज कामाला लावली, तरी ३०,००० वर १२ मिलिमीटर बराच्या कडेला जोर मिळतो सुमारे ७०० ग्रॅम वजनाइतका. प्रत्यक्षात तो आणखी कमी असतो, कारण खोक्यावरचे वॅट बहुधा यंत्र किती वीज ओढते ते सांगतात. ‘शंभर टक्के कॉपर मोटर’ या जाहिरातीवरूनही बराच्या टोकाला किती जोर पोचेल हे कळत नाही. मन लावून कोरायचे असेल, तर मोटर हुकाला टांगून लवचिक शाफ्टने, म्हणजे आत तार फिरणाऱ्या वाकत्या नळीने, चालणारे यंत्र घ्यावे. मोटर मोठी, हातात फक्त बारीक मूठ आणि वेग पायाखालच्या पेडलवर. शाफ्टला मात्र आवळ वळण देऊ नये. आतली तार घासून तापते.

ठोकळ्याचा ओबडधोबड आकार काढायला अँगल ग्राइंडर आणि काटेदार कार्बाइडची चकती. आपल्याकडच्या चार इंची ग्राइंडरला १६ मिलिमीटर भोकाची चकती बसते, पाच इंचीला २२ची. हे जुळवूनच घ्यावे. साखळी करवतीचे दात बसवलेली चकती घेऊ नये. तिचा एखादा दात लाकडात अडकला, की चकतीतली सगळी ऊर्जा एका क्षणात यंत्र हातातून उसळवण्यात जाते. संरक्षक कवच आणि बाजूची मूठ काढून ठेवू नये.

हात कोणत्या दिशेने न्यायचा हेही फेरेच ठरवतात. यंत्राचे टोक आपल्यापासून दूर धरून बर लाकडावर टेकवला, तर तो चाकासारखा उजवीकडे पळू पाहतो. म्हणून काप घेताना डावीकडे सरकावा, ताबा राहतो. उजवीकडे नेला तर दात लाकडावर चढतात आणि बर नको तिथे धावतो.

काम नीट चालले आहे का, हे भुसा सांगतो. रव्यासारखा पडत असेल तर दात कापताहेत. पिठासारखा, तपकिरी येऊ लागला तर थांबून ब्रशने बर साफ करा. हेच पीठ फुप्फुसात खोल जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. नाकावर बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो, आणि धूळ हवेत तरंगत असेपर्यंत, म्हणजे यंत्र बंद केल्यावरही काही वेळ, तो काढायचा नसतो.