तुरीची डाळ: जात्यापासून मिनी डाळ मिलपर्यंत

विदर्भात तूर पऱ्हाटीच्या सोबतीनं वाढते. कपाशीच्या काही ओळी, मग तुरीची एक ओळ. कापसाचा पैसा उधारी फेडण्यात जायचा आणि तुरीतून घरची वर्षाची डाळ निघायची. ती काढायचं काम बायांचं.

काम मोठं चिवट. हरभरा जात्यात टाकला की फुटतो. तुरीचं टरफल मात्र डाळीला डिंकासारखं चिकटलेलं असतं. म्हणून तूर भिजवायची, लाल माती चोळायची, दिवसच्या दिवस उन्हात वाळवायची, मग भरडायची आणि सुपानं पाखडायची. तुरीच्या १०० किलो दाण्यांत डाळीचा भाग ८५ किलोच्या आसपास असतो. जात्यावर हाती यायची ६०-६५ किलो. बाकीच्याची चुनी होऊन ढोरांपुढं जायची. ह्या राबण्याला कुणी मजुरी लावली नाही, कारण डाळ घरातच शिजत होती.

विकायची तूर अख्खीच बाजार समितीत जायची. अकोल्यात डाळ मिल वाढल्या, आणि आपल्याच वावरातल्या तुरीची डाळ गावच्या किराणा दुकानातून विकत यायला लागली. तुरीच्या आणि डाळीच्या दरातला फरक शहरात राहिला, चुनीसुद्धा तिकडंच राहिली.

अकोल्यातच १९६९ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठ (पीकेव्ही) स्थापन झालं. तिथं तयार झालेल्या ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’नं हे काम पुन्हा गावात आणलं. खरबरीत रोलरवर तुरीला आधी ओरखडे पाडायचे, तेलाचा हात लावून रात्रभर ठेवायची, ऊन दाखवायचं आणि पुन्हा यंत्रात घालायची. डाळ, कणी, टरफल वेगवेगळं बाहेर पडतं. नीट चालवली तर क्विंटलमागं ७०-७५ किलो डाळ मिळते. जात्यापेक्षा ही दहा किलो जास्तीची डाळ १०० रुपये किलोनं धरली तरी हजार रुपये होतात. एका क्विंटलमागं एवढी रक्कम आपल्या आया-आज्या भरडण्यात गमावत होत्या, हे मला फार लागतं.

यंत्र घ्यायला पैसा लागतो, तो बचत गटांमुळं उभा राहिला. १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ आलं, १९९२ पासून नाबार्डनं गट बँकांना जोडले, पुढं राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान ‘उमेद’ आलं.

पण यंत्र गटाचं असलं तरी तूर कुणाची? सातबारा बहुतेक घरी नवऱ्याच्या नावावर, विक्रीचा पैसाही त्याच्याच खात्यात. त्यामुळं पुष्कळ गट दुसऱ्यांची तूर किलोमागं भरडाई घेऊन भरडून देतात. त्यातून मजुरी सुटते. खरी मिळकत तूर विकत घेऊन डाळ विकण्यात आहे. २०१५ मध्ये डाळ २०० रुपये किलोच्या घरात गेली, आणि २०१६-१७ च्या हंगामात तूर क्विंटलच्या ५,०५० रुपये हमीभावाच्याही खाली घसरली. अशा पडत्या भावात अख्खी तूर विकावी लागली, की नफा साठवणाऱ्याचा होतो.

म्हणून २०२० च्या केंद्रीय सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतलं यंत्रावरचं ३५ टक्के अनुदान चांगलंच, पण मला त्यातलं बीजभांडवल जास्त मोलाचं वाटतं. प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्य बाईमागं ४०,००० रुपयांपर्यंत, म्हणजे दहा जणींचे चार लाख. २०२४-२५ च्या ७,५५० रुपये हमीभावानं त्यात ५० क्विंटलांवर तूर येते. ती घ्यायची तर पैसा जानेवारी-फेब्रुवारीत, खळ्यावर तूर असतानाच हातात पडायला हवा.