ब्लँकेटचा टाका की काजाचा?

मोठा नातू मिशनच्या शाळेत जातो, त्यामुळे डिसेंबर लागला की आमच्या इंदुरातल्या घरीही ख्रिसमसचं झाड उभं राहतं. त्यावर टांगायला तारे, घंटा, वीतभर पायमोजे मी फेल्टचे शिवते. गेल्या वर्षी धाकट्या जाऊबाई मदतीला बसल्या. म्हटलं, "कडेनं ब्लँकेट टाका घाला." त्यांनी झरझर काजाचा टाका घालून तारा पुढे केला. "एकच ना हो ताई?"

त्यांचा फारसा दोष नाही. ब्लँकेट टाका जवळजवळ घातला की भरतकामवाले त्यालाच बटनहोल म्हणून मोकळे होतात. शिंपी काज करतो तो टाका मात्र निराळा, आणि फरक सगळा गाठीत आहे.

ब्लँकेट टाक्यात सुई कडेपासून थोडी आत वरून खाली जाते, कडेखालून बाहेर येते आणि दोरा तिच्या टोकाखाली अडकतो. ओढला की कडेवर नुसता आडवा पडतो. गाठ कुठेच नाही. एक टाका दुसऱ्याला धरून असतो एवढंच. काजात सुई उलटी चालते: कडेच्या पाठीमागून, खालून वर. सुई अर्धी बाहेर आली की नेढ्याकडचा दोरा टोकाभोवती घ्यायचा आणि मग ओढायचं. प्रत्येक टाक्याला कडेवर एक बारीक गाठ बसते, आणि गाठीला गाठ लागून कड कशी दोरीसारखी टणक होते. बटण रोज घासलं तरी काज फाटत नाही ते यामुळे.

आता हा टणकपणा फेल्टला नको असतो. सुती कापडाला ताणा-बाणा असतो, म्हणून कापलं की सुतं निघतात. काजाला गाठींची भिंत लागते ती ती सुतं अडवायला. फेल्ट विणलेलंच नसतं. काश्मिरी नमद्यासारखं लोकरीचे तंतू ओलाव्यानं, उष्णतेनं, दाबानं एकमेकांत गुंतवून ते करतात. (बाजारातले रंगीत तुकडे बहुधा कृत्रिम धाग्याचे असतात, गरम इस्त्री लावली की बसली चिकटून.) त्याची सुतं निघतच नाहीत, मग भिंत कशाला? उलट सुईची भोकं दाटीनं पडली की पोस्टाच्या तिकिटासारखी कड तिथूनच फाटते. जाऊबाईंच्या ताऱ्याची दोन टोकं कापूस भरताना तशीच गेली.

सहापदरी लडीतले दोन पदर घ्या, टाक्यांत साधारण अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवा. ताऱ्याच्या टोकाला एकाच भोकातून तीन टाके घेतले की कोपरा नीट वळतो. धाकटी नात दीड वर्षाची, हाती येईल ते तोंडात घालणारी. तिच्या हाती लागतील अशा वस्तूंना मणी, टिकल्या, बटणं, घुंगरू काही नाही. सांताचे डोळेही दोऱ्यानंच भरायचे, आणि कापूस बाहेर डोकावू नये म्हणून टाके जरा जवळ घ्यायचे. जवळ म्हणजे ब्लँकेट टाकाच, काज नव्हे.

मग काज लागतं कुठे? टांगायच्या फासाला. ब्लाउजच्या हुकाला आपण दोऱ्याचं घर करतो ना, अगदी तसंच: तीन-चार दोरे आडवे घ्यायचे आणि त्यांच्यावर काजाचे टाके एकमेकांना चिकटून घालत जायचं. इथे ब्लँकेट टाका घातला तर तो दोऱ्यांभोवती गरगर फिरतो आणि फास पिळवटतो. गाठी असल्या की सरळ राहतो. जाऊबाईंचा हात इथे माझ्यापेक्षा सरस निघाला, उगाच कशाला खोटं बोलू. नातीनं तारा ओढला, झाड आडवं झालं, फास जागचा हलला नाही.

यंदा तारे मी शिवते, फास त्या करतात.